बोलत नसलेल्या मुलासाठी चित्रकार्डं: सुरुवात कशी करायची?

साकव
मुलगा साडेचार वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालंय. बोलत नाही. काही हवं असलं की हात धरून ओढत नेतो आणि आपल्याला कळलं नाही की डोकं आपटतो. भिंतीवर ४० चित्रांचा तक्ता लावलाय. "काय हवं, दाखव" म्हटलं की तो नजर फिरवतो, नाहीतर चित्र उपटून चावतो. कार्डं शिकवायची कशी? आणि घरच्यांना वाटतं तसं कार्डांमुळे बोलणं मागे पडतं का?

पानगळ
तक्ता सध्या उतरवून ठेवा. समोर कुणी नसलं तरी मूल भिंतीवरच्या चित्राला हात लावू शकतं. कार्ड मात्र कुणाच्या तरी हातात द्यावं लागतं, आणि आधी शिकवायचं ते हेच. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये सुरू केलेली 'पेक्स' (चित्रकार्ड देऊन संवाद साधायला शिकवणारी) पद्धत यावरच उभी आहे. तिच्या सहा पायऱ्या आहेत, पण बहुतेकांची गाडी पहिल्याच पायरीवर अडते, म्हणून तीच सविस्तर लिहिते.

मोठी माणसं दोन लागतात. एक समोर, एक मुलाच्या मागे. मध्ये एकच कार्ड. समोरच्याच्या हातात मुलाची अगदी आवडती वस्तू. साबणाचे फुगे उत्तम, कारण ते लगेच संपतात आणि पुन्हा मागावे लागतात. समोरच्याने काहीही विचारायचं नाही. मूल वस्तूकडे झेपावलं की मागच्याने, अजिबात न बोलता, त्याचा हात धरून कार्ड उचलवायचं आणि समोरच्याच्या तळहातावर ठेववायचं. कार्ड हातात पडताक्षणी "फुगे!" म्हणत फुगे सोडायचे.

मागच्याने मदत शेवटाकडून कमी करत आणायची: आधी कार्ड सोडताना, मग हात पुढे नेताना, सर्वांत शेवटी उचलताना. चित्र ओळखता येण्याची इथे गरज नाही, त्यामुळे "त्याला चित्रं कळत नाहीत" म्हणून थांबू नका.

दगडफूल
नेहमी बिघडतं ते इथे. समोरचा माणूस आधीच तळहात पसरून बसतो, मग मूल हात दिसेपर्यंत वाटच बघत राहतं. मूल स्वतःहून पुढे आल्यावरच हात उघडा. "काय हवं?" हा प्रश्न पाचव्या पायरीवर येतो, आत्ता विचारलात तर विचारल्याशिवाय मागायचं नसतं, असंच तो शिकेल. आणि रडणं-आपटणं चालू असताना कार्ड पुढे करू नका. आधी रडायचं, मग कार्ड द्यायचं, अशी साखळी फार लवकर पक्की होते.

चावण्यावर उपाय: ५ सेंमी चौकोनी कार्ड, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून लॅमिनेट केलेलं, कोपरे गोल कापलेले. प्रत्येकाच्या दोन-तीन प्रती ठेवा. वेल्क्रोची खरखरीत बाजू सगळ्या कार्डांना, मऊ बाजू कार्डं लावून ठेवायच्या फाइलला. उलटसुलट झालं तर कार्डं चिकटतच नाहीत. बोटांची पकड कच्ची असेल तर कार्डामागे फोमचा तुकडा लावा.

पानगळ
बोलण्याबद्दल: मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ मध्ये खाणाखुणा, चित्रं अशा पर्यायी साधनांचा बोलण्यावर काय परिणाम होतो, यावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. भरवशाचा पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नाही, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच. घरच्यांना हे जरूर सांगा. वस्तू देताना तिचं नाव मात्र दर वेळी घ्या. श्रवणचाचणी राहिली असेल तर तीही करून घ्या.

साकव
खूप आभार. दोन कार्डं कधी ठेवायची? आणि त्याने मागितलेली वस्तू द्यायची नसेल तर?

दगडफूल
आधी दुसरी पायरी: फाइल हळूहळू लांब ठेवा, माणसं बदला, खोल्या बदला. तो उठून, फाइल शोधून, पाठमोऱ्या माणसाच्याही हातात कार्ड देऊ लागला की दोन कार्डं. एक आवडीचं, एक नावडीचं, उदाहरणार्थ फुगे आणि मोजा. मोज्याचं कार्ड दिलं तर मोजाच द्या. त्याची नाराजी दिसेल, मग योग्य कार्ड दाखवून सराव घ्या. पुढे दोन्ही आवडीची ठेवलीत की कार्ड घेऊन "घे" म्हणा आणि तो कुठली वस्तू उचलतो ते बघा. कार्ड एकाचं आणि हात दुसरीकडे, असं झालं तर त्याला चित्र अजून कळलेलं नाही.

नकाराचं म्हणाल तर पहिल्या पायरीत प्रत्येक मागणी पुरवायचीच, म्हणून घास अगदी छोटा आणि खेळणं २०-३० सेकंदच. दिवसभर देता येणार नाही अशा वस्तूने सुरुवातच करू नका. "थांब" शिकवायचं ते नंतर, वेगळ्या कार्डाने, सुरुवातीला पाचच सेकंद. त्याने दिलेलं कार्ड लपवून टाकणं मात्र कटाक्षाने टाळा, नाहीतर तो पुन्हा हात ओढायला लागेल.