मदत हवी आहे : गणपतीला गावी जाताना माशांचं काय करायचं?

नमस्कार मंडळी, गणपतीला आम्ही सगळेच कोकणात जातोय, गौरी विसर्जन झाल्याशिवाय काही परत येणं नाही, म्हणजे आठवडाभर तरी डोंबिवलीचं घर बंद. घरी दोन फुटी टँक आहे, त्यात गप्पी आणि मॉली, आणि नेमकी आत्ताच एका गप्पीने पिल्लं टाकलीयत, अगदी टाचणीच्या डोक्याएवढे डोळे आणि बाकी सगळं पारदर्शक, ती जावा मॉसमध्ये (टँकमधली शेवाळासारखी वनस्पती) लपून बसतात. मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात हे माहितीये, त्यांची एवढी चिंता नाही, पण पिल्लांना तर दिवसातून दोन-तीनदा बारीक खायला लागतं ना, त्यांचं काय करू?

शेजारच्या काकू चावी ठेवायला तयार आहेत पण त्या फार मायाळू, मासे वर आले की अजून चिमूटभर टाकणार, उरलेलं खाणं कुजून अमोनिया वाढला तर सगळेच जातील. म्हणून रोजच्या वेगवेगळ्या पुड्या करून द्यायचा विचार आहे. ऑटो फीडर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप खाणं टाकणारं यंत्र, कोणी पावसाळ्यात वापरलाय का? दमट हवेने खाणं आत चिकटून बसतं का? आणि पाण्यात हळूहळू विरघळणारे खाण्याचे पांढरे हॉलिडे ब्लॉक मिळतात त्याने पाणी गढूळ होतं का?

दुसरं म्हणजे लाईट गेली तर फिल्टर बंद, त्यासाठी बॅटरीवरचा एअर पंप घ्यावा का, लाईट गेल्यावर आपोआप चालू होणारा? पाणी निघायच्या किती आधी बदलू, २५ टक्के पुरे का? प्लीज अनुभव असलेल्यांनी सांगा, पिल्लं वाचायला हवीत.