अनुभव धागा : सायबर तपास नेमका कुठे अडतो?

माझ्या मावशीचे साडेचार लाख गेले, तेव्हा घरातले आम्ही सगळे पोलिसांवर चिडलो होतो. नंबर आहे, खातं आहे, मग पकडत का नाहीत? पुढे आठ महिने तिच्यासोबत सायबर ठाण्यात चकरा मारल्या आणि तपासी अंमलदाराच्या टेबलावरचे कागद हळूहळू वाचता यायला लागले. राग गेला नाही, पण तो कशावर धरायचा हे कळलं. तपास केलेल्यांनी, पंच म्हणून सही केलेल्यांनी, बँकेत किंवा कोर्टात हे जवळून पाहिलेल्यांनी इथे लिहा. चालू गुन्ह्यांतली नावं आणि खाते क्रमांक मात्र नकोत.

जुना अंमलदार
सायबरला सहा वर्षं काढली. आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळणारा क्रमांक, मिळाला की घर मिळालं, असं लोकांना वाटतं. मोबाइल इंटरनेटवर एका आयपीमागे एकाच वेळी कितीतरी ग्राहक असतात. त्यातला आपला माणूस शोधायचा तर पोर्ट नंबर (त्या आयपीमागच्या प्रत्येक जोडणीला मिळणारा वेगळा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते, आणि पोर्ट बरेचदा समोरच्या वेबसाइटने साठवलेलाच नसतो.

वेळेच्या बाबतीत माझ्या हातून जे झालं ते सांगतो. परदेशी कंपनीकडून आलेल्या लॉगमध्ये, म्हणजे वापराच्या नोंदीत, २१:४०:१२ अशी वेळ होती, पुढे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. मी ती आपलीच वेळ धरून इंटरनेट कंपनीला पत्र पाठवलं. नाव आलं, पत्ता आला. दार उघडलं एका शिक्षकांनी. आत त्यांची मुलगी दहावीचा अभ्यास करत बसली होती. राउटर आणि तिचा मोबाइल पंचनामा करून जप्त केला. चार दिवसांनी साहेबांनी लॉग पुन्हा वाचला आणि मला बोलावलं. साडेपाच तास मिळवायचे राहिले होते. खरी वेळ दुसऱ्या दिवशी पहाटे ३:१०:१२, आणि तेव्हा तो आयपी दुसऱ्याच ग्राहकाकडे होता.

माफी मागायला मी एकटा गेलो. सरांनी चहा दिला. मुलगी बाहेर आली नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पत्रात वेळ दोनदा लिहिलेली असे, यूटीसी आणि भारतीय.

काउंटर नंबर ३
बँकेत फसवणुकीच्या तक्रारी मी पाहते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन आला तर पुष्कळदा रक्कम वाटेत होल्ड करता येते. पण लोक आधी लाजतात, मग घरच्यांशी बोलतात, मग शाखा उघडायची वाट बघतात. तोवर पैसे पहिल्या खात्यातून पाचात आणि पाचातून वीसात गेलेले असतात. एकदा असा खातेदार समोर बसला होता, एकोणीस वर्षांचा. पाच हजारांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम कुणाला तरी देऊन टाकलेलं. कुणाला दिलं, तर टेलिग्रामवरचं एक टोपणनाव. अटक त्याला झाली. टोपणनावाच्या पलीकडे मी पाहिलेले बहुतेक तपास पोचले नाहीत.

तलाठी कार्यालय
मला पंच म्हणून नेलं होतं. लॅपटॉपमधल्या हार्ड डिस्कची प्रत काढली आणि हॅश व्हॅल्यू पंचनाम्यात लिहायची होती, ६४ अक्षरं आणि आकडे. मी चार-चार करून वाचत होतो, हवालदार लिहीत होते. दोनदा चुकलं, दोनदा सगळं पहिल्यापासून तपासलं. तीन वर्षांनी उलटतपासणीत वकिलांनी विचारलं, हॅश म्हणजे काय? मी म्हणालो, साहेब, फाइलचा अंगठा. आत एक अक्षर बदललं तरी ठसा जुळत नाही. तेवढं त्या दिवशी हवालदारांनीच समजावलं होतं, म्हणून उत्तर देता आलं.

काळा कोट, मराठवाडा
डिजिटल पुरावा असतो, पण तो खरा असल्याचं कोर्टाला लागणारं प्रमाणपत्र नसतं. आमच्या जालन्याच्या निवडणूक वादातूनच खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा निकाल आला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की मूळ यंत्र कोर्टात आणत नसाल, तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून नव्या पुरावा कायद्याचं कलम ६३ आलं, त्यात हॅशही लिहावी लागते आणि तज्ज्ञाची सहीही. नियम योग्यच आहे. पण दुकानदाराकडून पेनड्राइव्हवर आणलेलं फुटेज, त्यावर कुणाची सही नाही आणि डीव्हीआरने (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राने) मूळ कधीच पुसलेलं, असे खटले मी डोळ्यांदेखत कोसळताना पाहिलेत.

पुण्याचा खातेदार
२०१८ च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी गेले. क्लोन, म्हणजे हुबेहूब नकली, कार्डांनी २८ देशांत एटीएममधून पैसे निघाले, थोडे आपल्या कोल्हापुरातही. २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना शिक्षा केली. एवढ्या देशांत पसरलेला गुन्हा शिक्षेपर्यंत नेणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

जुना अंमलदार
एक भर घालतो. आयटी कायद्याचं कलम ७८ सांगतं की त्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक दर्जाच्या किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा. आमच्याकडे निरीक्षक एकच. धावपळ आम्ही करायचो, गठ्ठा त्यांच्या टेबलावर.

धागाकर्ती
मावशीला सगळं वाचून दाखवलं. ती विचारते, त्या मुलीचा मोबाइल परत मिळाला का?

जुना अंमलदार
मिळाला, ताई. कोर्टाचा आदेश घेऊन सुपूर्तनाम्यावर, एकवीस दिवसांनी. तिचे पेपर तोवर सुरू झाले होते.