बाबांचं मृत्युपत्र करायचंय: मुखत्यारपत्राने भागेल का? वकील कसा निवडावा?

बकुळफूल
बाबा 79 वर्षांचे. डोकं तल्लख आहे, पण हात थरथरतो. फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर. आपल्या मागे आईला तिथे निर्धास्त राहता यावं आणि तिच्यानंतर तो आम्हा दोघा भावंडांना मिळावा, अशी त्यांची इच्छा आहे. भाऊ परदेशात असतो. ओळखीतला एक एजंट म्हणतो, "तुमच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून घ्या, मृत्युपत्राच्या भानगडीत कशाला पडता?" हे बरोबर आहे का? आणि वकील गाठताना काय बघावं? जाणकारांनी सांगा.

निवृत्त_लेखनिक
एजंटाचं ऐकू नका. मुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने कामं करण्याचा दुसऱ्याला दिलेला लेखी अधिकार; देणारा गेला की त्या क्षणी ते संपतं. बाबांच्या पश्चात त्याच्या जोरावर केलेली सही हा नवा घोळ होईल. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: करार कायदा 1872, कलम 201 प्रमाणे देणाऱ्याचं मानसिक भान गेलं तरीही ते संपतं. म्हणजे स्मृतिभ्रंशासाठी तजवीज म्हणून करून ठेवलेलं मुखत्यारपत्र नेमकं गरजेच्या वेळी निकामी. हयातीत बँकेची किंवा सोसायटीची कामं करायला मात्र ते उपयोगी आहे. त्यात कोणती कामं ते नेमकं लिहून घ्या, सरसकट अधिकार देऊ नका.

मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. तरी या वयात नोंदणी करावी असं माझं मत. बाबांना जाणं अशक्य असेल तर विशेष कारण दाखवून दुय्यम निबंधकांना (नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना) घरी बोलावता येतं. सही जमत नसेल तर अंगठा चालतो. साक्षीदार किमान दोन हवेत. प्रत्येकाने बाबांना सही करताना पाहिलेलं असावं किंवा 'ही माझीच सही' असं त्यांच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि त्यांच्यासमोर स्वतः सही करावी. साक्षीदार बाबांपेक्षा वयाने बरेच लहान घ्या. ज्याला वाटा मिळणार त्याला घेऊ नका. त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडा, उद्या कुणी 'त्यांना समजत नव्हतं' म्हटलं तर तेच कामी येतं.

चांदणचुरा
+1. आमच्याकडे वकिलांनी 'माझी सर्व स्थावर-जंगम मिळकत' एवढंच लिहून दिलं होतं. फ्लॅट क्रमांक नाही, भाग प्रमाणपत्राचा (सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचा) उल्लेख नाही. सोसायटीपासून बँकेपर्यंत प्रत्येकाने खुलासा मागितला. मसुदा आला की 'आईला तहहयात राहण्याचा हक्क' हे शब्द आहेत का, तिला फ्लॅट विकता येईल की नाही, ती आधी गेली तर काय, हे बघा.

बकुळफूल
फ्लॅटवर नॉमिनी म्हणून माझं नाव आहे. त्याचं काय?

निवृत्त_लेखनिक
नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली हेच सांगितलं, शेअर्सबद्दल 2023 मध्ये. सोसायटी तुमच्या नावे नोंद करील, पण मालकी मृत्युपत्राने ठरेल, ते नसेल तर वारसा कायद्याने.

दर्यावर्दी
भाऊ परदेशातून मुखत्यारपत्र पाठवणार असेल तर तिथल्या नोटरीकडे किंवा भारतीय वकिलातीत सही करवून घ्या. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा असतो. आमची फाईल याच मुदतीवर अडकली होती, म्हणून सांगतोय.

बकुळफूल
आणि प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, तो लागेल का?

निवृत्त_लेखनिक
काही ठिकाणी ते सक्तीचं करणारं भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम 213 संसदेने 2025 मध्ये वगळलं. पण वारसांत वाद असेल तर कोर्टाची पायरी टळत नाही. म्हणून मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे त्याप्रमाणे वाटप करून देणारा माणूस, नेमाच. प्रोबेट एक्झिक्युटरलाच मिळतं. तो नेमलेला नसेल तर लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशनचा (मिळकतीचा कारभार पाहण्यासाठी कोर्टाच्या अधिकारपत्राचा) वेगळा अर्ज करावा लागतो.

वकिलाबद्दल: खरेदीखतं करणारा असला म्हणून तो वारसा प्रकरणं चालवत असेलच असं नाही. सरळ विचारा, प्रोबेटचं प्रकरण चालवलंय का? मसुदा किती वेळा बदलून द्याल? फी मसुद्याची की नोंदणीसकट? आणि एक पाहून घ्या: तो बाबांशी एकट्याने, तुम्हाला बाहेर बसवून बोलतो का. बोलत नसेल तर दुसरा बघा, कारण पुढे 'मुलीने लिहवून घेतलं' हाच आरोप पहिला होतो. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणजे आईंना आणि तुम्हालाही. दूरध्वनी 15100.

बकुळफूल
धन्यवाद सगळ्यांना. बाबा म्हणताहेत, वकिलांशी आधी मीच बोलतो. शेजारचे दोन तरुण साक्षीदार व्हायला तयार आहेत, मिळकतीची यादी आज लिहायला घेतली.