आयबीएसच्या (चिडक्या आतड्याच्या त्रासाच्या) पेशंटला 'रिपोर्ट नॉर्मल' कसं समजावता?

रात्रपाळी, बेळगाव
मी जीएनएम नर्स, वॉर्डात दुसरं वर्ष. खानापूर तालुक्यातल्या एक वहिनी आहेत, ३४ वर्षांच्या (गाव सांगत नाही). वर्षभर पोटात कळ येते, शौचाला जाऊन आलं की उतरते. कधी दिवसात चारदा, कधी दोन दिवस नाहीच. रक्त नाही, वजन तेवढंच, झोपमोड नाही. डॉक्टर आयबीएस लिहून उद्या घरी सोडतायत. सासूबाई म्हणतात, "सगळं नॉर्मल आहे तर नाटकंच की ओ!" वहिनी माझ्या तोंडाकडे बघतायत. काय सांगू?

जुनी सिस्टर, निपाणी
आधी 'काही नाही' म्हणू नकोस बाई. मी सांगते: दुखणं खरं आहे, आतड्याला जखम नाही, पण त्याची चाल बिघडलीय आणि साधा गॅससुद्धा त्याला टोचतोय. हे सासूबाईंसमोरच बोल. मग दोन आठवड्यांची वही दे: काय खाल्लं, कधी दुखलं, शौच कशी. ब्रिस्टल तक्त्यातले (शौच घट्ट की पातळ ते दाखवणारे) ७ प्रकार इंग्रजीत कुणाला कळतात? १ म्हणजे शेळीच्या लेंड्या, ४ मऊ केळं, ७ आंबील. हसतात, पण बरोबर लिहितात. रक्त, ताप, वजन उतरणं किंवा रात्री उठवणारी कळ आली तर तडक परत बोलव.

भाकरीवाली, चिकोडी
मी स्वतः पेशंट. कांदा, लसूण, गहू, दूध सगळं कायमचं तोडायला लावू नका. आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने २ ते ६ आठवडे बंद, मग एकेक परत. भात, जोंधळ्याची भाकरी मला चालते. लसूण तेलात परतून काढून टाकते. त्रास देणारा भाग पाण्यात उतरतो, तेलात नाही. इसबगोल थोड्यापासून, भरपूर पाण्यासोबत. गव्हाच्या कोंड्याने माझं पोट ढोल झालं होतं.

रात्रपाळी, बेळगाव
वही आली! कुंद्याचा (दुधाच्या मिठाईचा) एक दिवस सोडला तर खाण्याचा हिशेब जुळेना. कळ मात्र सोमवारी आणि गुरुवारी हमखास. त्या दिवशी वहिनी बचत गटाचे पापड घेऊन बसने बेळगावला येतात. वाटेत संडासाची सोय नाही, म्हणून सकाळपासून उपाशी, वर तीन चहा, आणि तीन वाजता एकदम मिसळ. हिस्टरी घेताना मी हे विचारलंच नव्हतं. आता लवकर उठून अर्धी भाकरी, शौच उरकून पुढची बस. दोन सोमवार बरे गेले. सासूबाई पापडांची पिशवी स्टँडपर्यंत आणून देतात म्हणे.