उरलचे कारखाने स्टालिनच्या आधीचे

कुणीतरी लिहिलंय की रशियातल्या उरल पर्वताचा औद्योगिक पट्टा ही स्टालिनची निर्मिती. मॅग्निटोगोर्स्क या पोलादनगरीपुरतं ठीक, पण उरलमधल्याच नेव्यान्स्कच्या भट्टीतून पहिलं लोखंड 1701 मध्येच निघालं होतं! स्वीडनशी युद्ध जुंपलेलं, झार पीटरला तोफा हव्या होत्या. पुढच्याच वर्षी त्याने तो कारखाना तुला नावाच्या गावच्या निकिता देमिदोव्ह या बंदूक बनवणाऱ्याला देऊन टाकला. येकातेरिनबर्ग 1723 चं, तेही इसेत नदीवर धरण बांधून, कारण भाते आणि घण पाण्यावर चालायचे. इंधन लोणारी कोळसा. जंगलाला तोटा नव्हता. राबायला मात्र कारखान्यांना जुंपलेले शेतकरी, हे विसरू नये.

खरी गंमत चुसोवाया नदीची. ती उगवते डोंगराच्या पूर्वेला आणि मधला उरल बुटका असल्याने त्याला आरपार छेदून पश्चिमेला कामा नदीला मिळते, तिथून पुढे व्होल्गा. वसंतात बर्फ वितळलं की धरणांचं पाणी सोडायचं आणि त्या लोंढ्यावर लोखंडाने भरलेले पडाव हाकारायचे. काठच्या कड्यांवर आपटून कित्येक फुटायचे. अठराव्या शतकात हेच लोखंड इंग्लंडपर्यंत विकलं जात होतं.