बाललैंगिक गुन्हेगार : गुन्हेगार 'बाल' की गुन्हा बालकावर?

पेठेतली : पालकसभेत वाटायचं एक पत्रक इंग्रजीतून मराठीत करून देतेय. त्यात 'चाइल्ड सेक्स ऑफेंडर' (मुलांवर लैंगिक गुन्हा करणारा) आणि 'पीडोफाइल' (लहान मुलांविषयी लैंगिक ओढ असणारा) यांची गल्लत करू नका, असा एक आख्खा परिच्छेद आहे. पहिल्याला मी 'बाललैंगिक गुन्हेगार' लिहिलं. शाळेतल्या बाईंनी वाचून विचारलं, "म्हणजे सुधारगृहातली मुलं का?" त्यांना तरी काय बोल लावणार, बालगुन्हेगार म्हणजे गुन्हा केलेलं पोर हे कानात पक्कं बसलंय. दुसऱ्याला 'बालकामुक' केलं होतं, ते त्यांनी 'बालकामगार' असं वाचलं. सोमवारी छापायला जायचंय. सुचवा.

कडकभाकरी : शब्द बरोबर आहे, बदलू नका. बालरोगतज्ज्ञ स्वतः बाळ असतो का? बालहत्या करणारा? 'बाललैंगिक' एकत्र घ्यायचं, पुढे 'गुन्हेगार' जोडायचा. वाचकाला समास सोडवता येत नाही म्हणून भाषा का मोडायची?

पेठेतली : वाचक म्हणजे विड्या वळणाऱ्या आया आहेत, भाऊ. निम्म्या घरात तेलुगू. समास सोडवायला बसणार नाहीत त्या.

काळाकोट : ताई, कायद्याला तुमची अडचण नाही, कारण कायदा माणसाला नाव देतच नाही. 2012 चा पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, काढून बघा. कोणतं कृत्य, त्याला किती शिक्षा, शिक्षक-पोलीस-नातेवाईक यांनी केलं तर किती वाढणार, एवढंच. बालक म्हणजे 18 च्या आतलं कोणीही, मुलगी असो की मुलगा. लैंगिक हेतू होता का हे बघतात, विकार होता का ते नाही. कपड्यावरून हात लावला तर कलम 7, म्हणजे लैंगिक हल्ल्याचं कलम, लागत नाही, असा नागपूर खंडपीठाचा 2021 चा निकाल होता. तो सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी उलटवला, तोही हेतूवर बोट ठेवून.

आता आमच्याकडचा नेहमीचा मामला सांगतो. पोरगी साडेसतरा, पोरगा एकवीस, दोघं पळून पुण्याला गेलेले. बापाची फिर्याद, "फूस लावून पळवून नेले". पोरगी कोर्टाच्या बाकावर ओढणीचं टोक चावत बसलेली, त्याला सोडा म्हणून सांगत. कायद्याने तो पोक्सोचा आरोपी. त्याला पीडोफाइल कोण म्हणेल?

मनकवडी : कोणी म्हणू नये. आमच्याकडे, मानसोपचारात, मोजमाप ओढीचं असतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या नियमावलीत वयात न आलेल्या, साधारण 13 किंवा त्याखालच्या मुलांविषयी किमान 6 महिने वारंवार येणारी तीव्र लैंगिक ओढ, असं धरलंय. शिवाय त्याने तसं वर्तन केलेलं असावं, नाहीतर त्या ओढीचा त्याला जाच होत असावा. आणि तो स्वतः किमान 16 वर्षांचा, मुलापेक्षा 5 वर्षांनी तरी मोठा. म्हणजे आयुष्यात कुणाला हात न लावलेला माणूसही या निदानात बसू शकतो. उलट मुलांवर अत्याचार करणारे कितीतरी जण त्यात बसत नाहीत. मूल हाताशी असतं, बोलत नाही, म्हणून त्यांनी मूल निवडलेलं असतं.

'पीडोफाइल'चे मूळ ग्रीक शब्द 'मूल' आणि 'प्रेम' अशा अर्थाचे. पण 'बालप्रेमी' करू नका, तो आपण चाचा नेहरूंना देऊन बसलोय. (पोक्सो लागू झाला तोही 14 नोव्हेंबरलाच.)

वेसकर : एवढा कीस कशाला? 'नराधम' लिहा. पेपरवाले रोज लिहितात, कोणाला कळत नाही असं होत नाही.

पेठेतली : तोच तर घोळ आहे. नराधम म्हटलं की अंधारातला दाढीवाला परका डोळ्यापुढे येतो. पत्रक सांगतंय की बहुतेक वेळा तो ओळखीचा निघतो. शिकवणीचे सर, रिक्षावाले काका, आईचा मावसभाऊ. जेवायला बसलेल्या मामाला नराधम कोण म्हणणार? मग पोर सांगायला आली तरी आई म्हणते, "मामा तसा नाही गं."

शेंगाचटणी : आमची आजी म्हणायची, "त्याच्या घरी एकटी जाऊ नगंस, त्येचा हात वाईट हाय." त्या हाताचं पुढे कधी कुणी काही विचारलं नाही, पण आम्ही बहिणी गेलो नाही. 'अंगचटीला येणारा' असंही म्हणायची.

कडकभाकरी : अंगचटीला येणं हे मोठ्या बायांच्या बाबतीत. लेकरासाठी वापर मी तरी ऐकला नाही.

शेंगाचटणी : आम्ही ऐकलाय. सोलापुरात होटगी रोडच्या पलीकडे या कधी.

अण्णा_गिरणगाव : मुळात 'बलात्कार' हाच शब्द 'बाल'वरून आलाय. जुना शब्द बालात्कार. पुढे काना पडला.

कडकभाकरी : अण्णा, 'बलात्' म्हणजे बळाने. पंचमी विभक्ती. काना पडायला तो होता कुठे?

अण्णा_गिरणगाव : बरं, राहू द्या. पण मोठा-लहान ठरवतं कोण? 1891 ला संमतीवय 10 वरून 12 केलं तेव्हा गदारोळ झाला, टिळकसुद्धा विरोधात होते. आज 18. आकडा हलतो तर शब्द कसा पक्का राहील?

काळाकोट : शब्दही हलवतात, अण्णा. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 'चाइल्ड पोर्नोग्राफी' म्हणू नका, ते मुलांच्या शोषणाचं साहित्य आहे. ताई, तुम्ही सरळ 'मुलांवर लैंगिक अत्याचार करणारी व्यक्ती' लिहा. व्यक्तीच लिहा, बाईसुद्धा आरोपी असू शकते. आणि पीडोफाइलला पीडोफाइल.

कडकभाकरी : ही व्याख्या झाली, शब्द नव्हे! मराठीत प्रतिशब्दच नाही असं कबूल करायचं का? आणि 'बालक' सरकारी, 'अल्पवयीन' पेपरी. जुन्या दप्तरात 'अज्ञान' होता, तो छान होता.

अण्णा_गिरणगाव : छान कसला! आमच्या सातबाऱ्यावर अजून मी 'अ.पा.क.' आहे. अज्ञान, पालनकर्ती आई. आई जाऊन वर्षं झाली, मला नातू झाला, उताऱ्यावर मी अज्ञानच.

वेसकर : अण्णा, तलाठ्याकडे वयाचा दाखला जोडून अर्ज द्या. फेरफार होऊन शेरा कमी होतो.

पेठेतली : अहो, पत्रक...

अण्णा_गिरणगाव : शाळा सोडल्याचा दाखला चालतो का? त्यावर जन्मतारीख मास्तरांनी अंदाजे टाकलीय, 1 जून.