त्रास दिसतो, कागद होत नाही : वसतिगृहातल्या रॅगिंगबद्दल जाणत्यांचे अनुभव

प्रवेशफेऱ्या संपल्या की उदगीर, गंगाखेड, अंबड, किनवटची लेकरं गादी-पेटी घेऊन नांदेड, लातूर, परभणी, संभाजीनगरच्या वसतिगृहांत उतरतात. पुढचे तीन महिने सगळ्यात नाजूक. रॅगिंगचे प्रकार रोज हाताळणाऱ्यांना आम्ही विनंती केली होती की स्वतःच्या आठवणी नकोत, काय करायचं आणि कुठं फसतं तेवढंच नेमकं लिहा. आलेलं सगळं खाली देतो आहोत.

वसतिगृह अधीक्षक, नांदेड

सुरुवात मारहाणीनं होत नाही, 'इंट्रो'नं होते. नाव, गाव, आडनाव, मग 'सीईटीला किती पडले?', 'कोणत्या राउंडला लागला?'. शेवटचे दोन प्रश्न अभ्यासाचे वाटतात, पण त्यातून जात काढायची असते. मग कामं लागतात. पाण्याचा जार वर चढवणं, मेसमधून ताट नेऊन देणं, जर्नल उतरवून देणं, स्वतःच्या पैशानं पेट्रोल टाकून आणणं. मेडिकल कॉलेजात तर मान खाली आणि नजर स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवायला लावतात. इथवर कुणी थांबवलं नाही की रात्रीचं बोलावणं येतं.

रेक्टरच्या रात्रीच्या राउंडची वेळ ठरलेली असेल तर तो राउंड नाहीच असं समजा. अकराला येणारा रेक्टर साऱ्या मजल्यांना पाठ असतो. एखाद्या दिवशी साडेबारा, एखाद्या दिवशी पहाटे दोन. गच्ची, टाकीमागची जागा आणि कपडे वाळवायचा कोपरा आधी बघा. आणि चपला मोजा. तीन खाटांच्या खोलीबाहेर बारा जोड दिसले तर दार वाजवायला कारण लागत नाही. मेसचं रजिस्टरही बोलतं. गर्दी ओसरल्यावरच जेवायला येणारा, दर शनिवारी गाव गाठणारा, दहा तारखेलाच पैसे संपलेला, अशा पोराशी दुसऱ्याच दिवशी एकट्यानं बोला, खोलीत नाही, ऑफिसातही नाही.

रॅगिंगविरोधी समितीतील प्राध्यापिका, संभाजीनगर

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००९ च्या विनियमांनुसार पहिले तीन महिने दर पंधरवड्याला प्रथम वर्षाची निनावी पाहणी करायची असते. बहुतेक ठिकाणी एकच होते, तीही फुकट जाते, कारण प्रश्नच चुकलेला असतो. 'तुमच्यावर रॅगिंग होते का?' याला सगळे 'नाही' लिहितात. त्याऐवजी विचारा, गेल्या पंधरा दिवसांत दुसऱ्याचं जर्नल किती पानं लिहिलं? रात्री दहानंतर कितीदा बोलावलं, कोणत्या मजल्यावर? स्वतःचे किती रुपये दुसऱ्यासाठी गेले? उत्तरं आकड्यांत किंवा खुणेत घ्या, म्हणजे अक्षर ओळखू येत नाही. सगळ्यांना एकाच रंगाचे पेन द्या. कागद वर्गात भरून घ्या, वसतिगृहात नको, आणि वाटायला वर्गप्रतिनिधी मुळीच नको. ज्याला काही त्रास नाही त्यालाही लिहावं लागेल असे दोन साधे प्रश्न घाला, जेवण आणि पाण्याबद्दलचे. नाहीतर जो जास्त वेळ लिहितो तो लगेच नजरेत भरतो.

वकील, लातूर

बहुतेक तक्रारी कागदातल्या चुकांमुळे फसतात, म्हणून जरा लांब लिहितो.

महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९ चा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्याला काढून टाकतात आणि पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश मिळत नाही. हा कायदा संस्थेच्या बाहेरही लागू आहे, त्यामुळे 'प्रकार भाड्याच्या रूमवर झाला, आमचा संबंध नाही' हे उत्तर चालत नाही.

तक्रार लेखी हवी. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक, कुणीही देऊ शकतं. ती मिळाल्यापासून सात दिवसांत प्राचार्यांनी चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर संबंधिताला निलंबित करायचं आणि तक्रार पोलिसांकडे पाठवायची. टाळाटाळ केली तर ते अपप्रेरणा, म्हणजे गुन्ह्याला साथ देणं, ठरतं. म्हणून सात दिवस कधीपासून मोजायचे याचा पुरावा तुमच्या हातात पाहिजे. अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. कारकून 'साहेब आल्यावर बघू' म्हणाला तर तिथंच उभं राहून ईमेल करा आणि स्पीड पोस्टानं प्रत पाठवा.

विषयाच्या ओळीत 'रॅगिंग' हा शब्द लिहाच. 'मानसिक त्रासाबाबत' असं लिहिलं की अर्ज शिस्तीच्या फायलीत जाऊन पडतो. तारीख, वेळ, जागा, कोण होते, कुणी पाहिलं. 'शिवीगाळ केली' एवढं पुरत नाही, शब्द जसेच्या तसे लिहा, लाज वाटली तरी. जातीवरून बोलले असतील तर ते चारचौघांत बोलले का हेही लिहा, कारण ॲट्रॉसिटीच्या कलमांना त्यानं फरक पडतो. मार लागला असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद, करून घ्या. डॉक्टरांना 'जिन्यावरून पडलो' सांगितलंत की पुढं तोच कागद आडवा येतो.

मोबाइल पुराव्याचं काम पाहणारे, जालना

मेसेज फॉरवर्ड करू नका, मूळ वेळ आणि पाठवणारा दोन्ही हरवतात. स्क्रीनशॉटमध्ये सेव्ह केलेलं नाव नको, पूर्ण नंबर दिसू द्या. 'पिंट्या भाई' या नावानं काहीच सिद्ध होत नाही. कापाकापी करू नका. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करा. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर त्याच तासात. आणि हँडसेट विकू नका, रिसेट करू नका, मूळ फाइल त्यातच असते.

समाजकल्याण वसतिगृहाचे निवृत्त गृहपाल, हिंगोली

आमच्याकडं राहणारी पोरं वेगवेगळ्या कॉलेजांची असतात, म्हणून जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. अर्ज दोन्हीकडं द्या. एक प्राचार्यांना, एक गृहपालामार्फत सहायक आयुक्त, समाजकल्याण यांना. आदिवासी विभागाचं वसतिगृह असेल तर प्रकल्प अधिकाऱ्यांना, म्हणजे आमच्या भागात किनवट किंवा कळमनुरी.

समुपदेशक, बीड

लेकरू फोनवर रडलं की आईबाप आधी विचारतात, 'तू काय केलंस?' हा प्रश्न गिळा. 'कोण होतं, आत्ता कुठं आहेस, रात्री कुणाच्या खोलीत झोपशील?' एवढंच विचारा. तडकाफडकी घरी आणलं तर हजेरी बुडते आणि तक्रारही तिथंच थांबते. खोली बदलून घेणं हा पहिला उपाय. मात्र जगणं नको झाल्याचं बोललं तर अर्ज-बिर्ज बाजूला ठेवा, त्याला क्षणभर एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो.

प्राध्यापिका, पुन्हा

वकीलसाहेबांच्या म्हणण्यात भर. रॅगिंग फक्त सीनियर-ज्युनियरचं असतं हा समज काढून टाका. यूजीसीच्या विनियमांत २०१६ च्या दुरुस्तीनं जात, धर्म, रंग, भाषा, प्रदेश यांवरून कुठल्याही विद्यार्थ्याला छळणं किंवा वाळीत टाकणंही त्यात आलं. बरोबरीच्यांनी मेसच्या टेबलावरून उठवलं तरी तक्रार होते.

वकील, लातूर

हो, हे राहिलंच. आणखी एक. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून 'आपसात मिटलं' असं लिहून घेण्याचा प्रकार सर्रास चालतो. सही करू नका. 'वाचायला दोन दिवस द्या' म्हणा आणि त्या दोन दिवसांत राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइनला, १८००-१८०-५५२२ वर, तक्रार नोंदवा. मित्रानं केली तरी चालते. मिळालेला तक्रार क्रमांक घरच्या माणसाकडंही लिहून ठेवा.